भरलेलं विमान

वजनाची गोष्ट मधलीनंच काढली होती. ती काढली नसती तर काय झालं असतं, हा विचार पुढे तिच्या डोक्यातून कधी गेला नाही.

आदल्या संध्याकाळी सगळे दादाच्या लॉजच्या जेवणघरात जमले होते. लॉज विमानतळाच्या फाटकासमोरच होता. खिडकीतून धावपट्टीचं टोक आणि वाऱ्याची दिशा दाखवत फुगणारी ती पट्ट्यापट्ट्यांची पिशवी दिसे. आजोबा मुकादम असताना त्यांनी या धावपट्टीवर डांबर ओतलं, आबांनी सगळी नोकरी तिच्या कडेला आगीच्या बंबावर काढली, मधली तिकीट काउंटरवर बसली आणि थोरल्या दादानं समोर लॉज टाकला. गावात या घराला ‘धावपट्टीवाले’ म्हणत. म्हणणाऱ्याच्या सुरावरून ते कौतुक की टोमणा, ते कळे.

दादा आता विमानतळ बचाव समितीचा अध्यक्ष होता. गेले कित्येक महिने गाडीवर भोंगा लावून तो गावभर फिरत होता. ‘आपलं गाव, आपलं विमान’ म्हणून ओरडून त्याचा घसा बसला होता. लोक टाळ्या वाजवत, सह्या करत, दादाच्या पाठीवर थाप मारत, आणि मोठ्या शहरात जायचं झालं की घाटातून बसनं जात. दिवसाचं एकुलतं एक विमान सकाळी उडे आणि दुपारी परते, ते निम्मंही भरत नसे. आणि आता विमान कंपनीच्या बाई पाहणीला येऊन बसल्या होत्या. सेवा चालू ठेवायची की गुंडाळायची, ते त्या ठरवणार होत्या.

“उद्याचं विमान आपण भरायचं,” दादा म्हणाला. “आपण सगळे, समितीची माणसं, त्यांच्या घरचे. सकाळी जायचं, दुपारी परत यायचं. तिकिटं मी काढलीत.”

“म्हणजे नाटक करायचं?” मधली म्हणाली.

“नाटक कसलं? तिकीट खरं, माणूस खरा, विमान खरं. खोटं काय त्यात?”

वहिनी, म्हणजे दादाची बायको, शाळेत शिकवायची. वर्गात खोटं चालवून न घेणारी ती बाई त्या क्षणी पाण्याचे पेले भरण्यात फार गुंतलेली होती. आत्याला कमी ऐकू येई. तिला फक्त विमानात बसायचंय एवढंच कळलं होतं आणि ती खूष होती. आबा खिडकीतून धावपट्टीकडे बघत होते.

तेव्हा मधलीनं तिच्या मते शेवटचा उपाय काढला. “दादा, इतकी माणसं जातील, पण रिकाम्या हातानं? काउंटरवर बॅगांचं वजन होतं. तो आकडा कंपनीकडे जातो. विमान भरून माणसं आणि सामान काहीच नाही, हे त्या बाईंना कळणार नाही होय?”

दादा हनुवटी खाजवत राहिला. मग म्हणाला, “बरं झालं बोललीस.”

मधलीला वाटलं, जिंकले. त्या रात्री ती शांत झोपली.

सकाळी काउंटरवर पहिली बॅग आली ती आत्याची. दोन जणांनी मिळून ती पट्ट्यावर चढवली. काट्यावरचा आकडा सरसर वर गेला.

“आत्या, काय आहे यात?”

“विटा!” आत्या खणखणीत आवाजात म्हणाली.

दादानं पुढे होऊन तिला हळूच बाजूला घेतलं. लॉजच्या मागे अर्धवट पडलेली भिंत होती. तिच्या विटा रातोरात उतरवून त्यानं बॅगांमध्ये वाटल्या होत्या. वहिनीच्या बॅगेत विटा, त्यावर एक उशी. समितीच्या खजिनदाराच्या बॅगेत विटा. स्कॅनरवर बसणारा माणूस पडद्याकडे बघत मधलीजवळ येऊन पुटपुटला, “ताई, आज सगळं गाव घर बांधायला निघालंय का?” तो यांच्यातलाच होता, विमानतळ बंद पडला तर त्याचीही नोकरी जाणार होती. तो हसला आणि परत आपल्या खुर्चीवर जाऊन बसला. मधलीला हसता आलं नाही. एकेका बॅगेला ती पट्टी लावत गेली. पट्टी लावणारे हात आपले नाहीत असं तिला वाटत होतं.

फक्त आबांची पिशवी खरी होती. एक टॉवेल, औषधाची डबी आणि बिस्किटांचा पुडा. अग्निशामक दलाचा जुना कोट त्यांनी इस्त्री करून घातला होता. जन्मभर उडणाऱ्या विमानाकडे बघत उभे राहिलेले आबा कधीच विमानात बसले नव्हते.

“खिडकी असेल तर बघ गं पोरी,” ते हळू आवाजात म्हणाले. “नसली तरी चालेल.”

तिनं त्यांना खिडकी दिली. त्या सकाळी मनापासून केलेलं तेवढंच एक काम.

कंपनीच्या बाई तिच्या शेजारीच, हातभर अंतरावर उभ्या होत्या. गळ्यात ओळखपत्र, पायात साधे बूट. रांगेकडे बघून त्यांचा चेहरा खुलला होता. त्या वाईट नव्हत्या. त्यांनाही हे बंद करायला आवडत नसावं. मधलीला त्याचीच जास्त लाज वाटली.

रांग संपत आली तेव्हा दारातून टेलरमावशी आली. विमानतळावरच्या सगळ्यांचे गणवेश तीच शिवायची. मधलीच्या अंगावरचं जाकीटही तिच्याच हातचं. दादाच्या प्रचाराच्या पहिल्या दिवशी सही करणाऱ्यांत ती होती. ‘एकदा तरी बसेन रे तुझ्या विमानात,’ असं तिनं त्याला भर बाजारात सांगितलं होतं. आज ती धापा टाकत होती, हातात एकच कापडी पिशवी.

“एक जागा दे गं बाई. परतीचं मागाहून बघू.”

“मावशी, आज फुल्ल आहे!”

शब्द तोंडातून गेले आणि ते किती रुबाबात गेले ते मधलीच्या कानांनी ऐकलं. इतक्या वर्षांत हे वाक्य तिनं कधी उच्चारलंच नव्हतं. शेजारी कंपनीच्या बाईंनी मान वर करून स्मित केलं.

“फुल्ल?” मावशीचे डोळे मोठे झाले. “आपलं विमान फुल्ल? बरं झालं गं.” मग ती क्षणभर घुटमळली. “कुणी उतरणारं नसेल ना? बहिणीकडे निघाले होते. आजच पोचायला हवं होतं.”

आजच का, हा प्रश्न मधलीच्या ओठांवर आला. विचारलं असतं तर मावशीनं सांगितलं असतं. सांगितलं असतं तर कुणाला तरी उतरावं लागलं असतं. आणि कामासाठी निघालेला माणूस असा सहज उतरतो का, असं शेजारच्या बाईंच्या मनात आलं असतं. हे सगळं एका श्वासात तिच्या डोक्यातून गेलं. तिनं रांगेकडे पाहिलं. दादानं हाताची घडी घातलेली होती. त्यानं मान जेमतेम हलवली. नको. वहिनी फरशीकडे बघत होती.

“उद्याचं देऊ का, मावशी?”

“उद्याचं काय करू?” मावशीनं पिशवी खांद्याला लावली. “असू दे. बसनं जाते. घाट आहे, पण पोचेन.”

दारातून तिनं मागे वळून हातसुद्धा केला.

विमान भरून उडालं. टॉवरवरच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. बंबावरच्या पोरांनी आबांसाठी घंटा वाजवली.

*

चार दिवसांनी नगरपालिकेच्या सभागृहात सभा होती. कंपनीच्या बाई त्या सभेत आपलं मत सांगणार होत्या. त्या दुपारी लॉजवर सगळे जेवायला जमले, आणि कोणाच्या ध्यानीमनी नसताना धाकटा भाऊ आला.

लॉजच्या जागेवरून झालेल्या वाटणीच्या भांडणानंतर त्यानं या घरात पाऊल टाकलं नव्हतं. मोठ्या शहरातल्या इस्पितळात तो ब्रदर, म्हणजे परिचारक होता. ‘तुमच्या विमानतळावर पुढच्या वर्षी गुरं चरतील,’ हे त्याचं जातानाचं वाक्य दादा अजून विसरला नव्हता. आता तो दारात उभा होता आणि बूट काढावेत की नाही याचा विचार करत होता.

“विमान भरलं म्हणून ऐकलं,” तो दादाला म्हणाला. “आधी खरं वाटलं नाही. मग म्हटलं, चला. दादानं करून दाखवलं.”

दादानं स्वतः उठून धाकट्यासाठी खुर्ची ओढली. त्याच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मधलीनं पाहिलं आणि तिला बसल्या जागी कानकोंड्यासारखं झालं. भावाभावांचं जुळत होतं, आणि ते विटांवर जुळत होतं.

जेवताना धाकटा खुलला. “आणि कोण भेटलं सांगू का? आपली टेलरमावशी! आमच्या वॉर्डात तिची थोरली बहीण आहे. घशाचं ऑपरेशन. स्वरयंत्रच काढायचं होतं.”

मधलीचा हात ताटात थांबला.

“म्हणजे ऑपरेशननंतर आवाज जाणार, कायमचा. ते व्हायचं होतं पुढच्या आठवड्यात, पण गाठ वाढली म्हणून डॉक्टरांनी अलीकडे घेतलं. आदल्या संध्याकाळी मावशीला फोन गेला. बहिणीला म्हणे तिच्याशी बोलायचं होतं. फोनवर नुसती घरघर ऐकू यायची. कानाशी तोंड नेलं तरच शब्द कळायचे. बिचारी सकाळी आली होती इथं विमानाला, पण जागा नाही मिळाली. बसनं आली. पोचली तेव्हा बहीण ऑपरेशन होऊन बाहेर आली होती.”

वहिनीनं हातातला चमचा आवाज न करता खाली ठेवला.

“मला वाटलं, रडेल, चिडेल,” धाकटा सांगत होता. “तर जिन्यावर मला म्हणते कशी, ‘फुल्ल होतं रे विमान! तुझ्या दादाला सांग, मी बघितलं डोळ्यांनी.’ म्हटलं, धन्य आहे या बाईची. दादा, असा पाठिंबा कुणाला मिळतो?”

आत्याला त्यातलं ‘विमान’ तेवढं ऐकू आलं. ती धाकट्याकडे झुकली. “यांनी सांगितलं का तुला? विटा नेल्या आम्ही विमानातून! माझ्या मी तिकडेच टाकून आले. कोण परत आणतंय ओझं!”

धाकटा हसला. मग त्यानं एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. हसू ओसरत गेलं.

“विटा कशाला?”

दादानं पाण्याचा पेला पुढे ओढला.

“म्हणजे फुल्ल नव्हतं,” तो म्हणाला.

“हळू बोल,” दादा म्हणाला. “दारं उघडी आहेत.”

“दादा, ती बाई दिवसभर घाटात—”

“मला काय स्वप्न पडलं होतं तिच्या बहिणीचं?” दादाचा आवाज चढला. “मी हे कुणासाठी केलं? माझ्यासाठी? बंबावरची पोरं, ही मधली, स्कॅनरवाला, सगळ्यांच्या पोटासाठी केलं.”

“आणि लॉज?” धाकटा म्हणाला.

“हो, लॉजसुद्धा! लपवतोय कुठं?”

“तुम्ही मान हलवलीत,” वहिनी म्हणाली. ती इतक्या शांतपणे बोलली की दादाला आधी कळलंच नाही. “मावशींनी विचारलं, कुणी उतरणारं आहे का. वन्संनी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही मान हलवलीत. मी बघितलं.”

“आणि तू काय केलंस?”

“मी फरशी बघत राहिले.” वहिनीचे डोळे भरून आले होते. “वर्गात एखादं पोर असं करतं तेव्हा मी त्याला उभं करते.”

इतकी वर्षं धाकट्याचं नाव काढलं की ओठ आवळणारी वहिनी आज उठून त्याच्या शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसली. दादानं ते पाहिलं आणि तो मधलीकडे वळला.

“काउंटरवर तू होतीस. विचारायचंस ना तिला, कशासाठी जायचंय म्हणून. एका शब्दानं विचारलंस?”

सगळे तिच्याकडे बघू लागले. दादा चिडून बोलला होता, पण बोलला ते खरं होतं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं.

“नाही विचारलं,” ती म्हणाली. “विचारायचं होतं, आणि नाही विचारलं.”

आबांनी ताट बाजूला सारलं. “माझ्या जागेवर ती बसली असती,” ते म्हणाले.

“आबा, तुमचा काय दोष त्यात?” दादा म्हणाला. “तुम्ही आयुष्यात पहिल्यांदा—”

“तेच तर.”

मग दादा समजुतीच्या सुरात म्हणाला, “आजची सभा होऊ दे. निर्णय एकदा आपल्या बाजूनं लागला की मी स्वतः जाऊन मावशीचे पाय धरतो. आज बोललो तर सगळं मुसळ केरात जाईल. इतक्या महिन्यांची मेहनत आहे.”

“सभेचं सभेत बघ,” आबा उठत म्हणाले. “ती काल परत आलीय म्हणे, कपडे द्यायचे राहिलेत म्हणून. मी जातो तिच्याकडे. पोरी, येतेस?”

मधली उठली. वहिनीही उठली. दादा जागचा हलला नाही. धाकटा त्याच्यासमोर बसून राहिला. त्या दोघांत मागे काय बोलणं झालं, ते पुढे दोघांपैकी कुणीच सांगितलं नाही.

*

मावशीचं दुकान बाजारामागच्या बोळात, वरच्या मजल्यावर होतं. जिना अरुंद. आबा दर दोन पायऱ्यांवर थांबत. वर खिडकीशी मशीन, टेबलावर खडू आणि मोठी कात्री, भिंतीशी बिनडोक्याचा पुतळा आणि त्याच्या अंगावर अर्धा शिवलेला कोट.

“अगंबाई, आबा! तुम्ही कशाला जिना चढलात? मीच येणार होते सभेला.” मावशीनं कापडांचा ढीग उचलून खुर्ची मोकळी केली. “बहीण बरी आहे. पाटीवर लिहून मला शिव्या देते. उद्या परत जाईन. आणि आज सभेत मी उभी राहणार आहे हं. त्या कंपनीच्या बाईंना सांगणार, मला जागा मिळाली नाही, पण माझी तक्रार नाही. विमान भरतंय, ते बंद करू नका.”

“मावशी, थांबा,” मधली म्हणाली. “तसं सांगू नका.”

जिन्यात येताना तिनं मनात वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आठवेना. ती उभ्याउभ्या सांगत गेली: दादाची कल्पना, वजनाची गोष्ट तिनंच काढल्याची, विटांची, रांगेतल्या माणसांची. मावशीचा हात मशीनच्या चाकावर होता. तो तिथंच राहिला.

“विटा?” मावशीनं मध्येच विचारलं.

“हो.”

“कुठल्या?”

“लॉजच्या मागच्या भिंतीच्या.”

मावशीनं मान डोलावली. जणू तेवढंच समजायचं राहिलं होतं. मधली पुढे बोलली. “तुम्ही म्हणालात आजच पोचायला हवं. मला विचारायचं होतं का म्हणून. त्या बाई शेजारी होत्या, म्हणून नाही विचारलं.”

खाली बोळातून कुणीतरी हातगाडी ढकलत नेली. तिचा खडखडाट लांब गेला तसा मावशीनं चाकावरचा हात काढला.

“तू माझ्या कानात सांगायचंस,” ती शेवटी म्हणाली. “मावशी, ही सगळी आपलीच माणसं आहेत, थांबा, एकाला उतरवते. मी काय कुणाला सांगितलं असतं का गं?”

“नाही,” मधली म्हणाली.

“तुझं बोट धरून तुला शाळेत सोडलंय मी.”

मधलीची मान वर होईना. शिव्या दिल्या असत्या तर तिनं त्या खाल्ल्या असत्या. अंगावरचं जाकीट आत्ता इथंच काढून ठेवावंसं तिला वाटलं.

मावशी बोलत राहिली, पण आता कुणाशीच नाही. “आम्हा दोघींत बोलायचं काम तिचं आणि शिवायचं माझं. तिला मला काहीतरी सांगायचं होतं. काय, ते मी आता विचारलं, तर पाटी घेतली, लिहायला लागली आणि पुसून टाकलं. लिहिलं, राहू दे, हे लिहिण्यासारखं नाही.”

वहिनी तोंडाला हात लावून खिडकीकडे वळली.

मावशीनं आबांकडे पाहिलं. “आबा, तुम्हीपण होतात ना विमानात?”

“होतो.”

“खिडकी मिळाली?”

“मिळाली.”

“मी कधी वरून बघितलं नाही,” ती म्हणाली. “कसं दिसतं?”

तिच्या विचारण्यात टोमणा नव्हता. त्यामुळेच आबांना बोलणं जड गेलं. कोटाच्या बटणाशी त्यांची बोटं चाळा करत राहिली.

“शेतं दिसतात. कापडाचे तुकडे जोडल्यासारखी,” ते म्हणाले. “मग डोंगर. घाटाचा रस्ता दिसला, दोऱ्यासारखा. त्याच्यावर एक बस चालली होती. एवढीशी. मुंगीसारखी. मला फार मजा वाटली. शेजारच्याला मी बोट दाखवून म्हटलं, बघ, बघ, बस बघ कशी सरपटतेय.” त्यांनी बाहीनं डोळे टिपले. “त्यात तू होतीस की नव्हतीस, देवाला ठाऊक. मी हसलो होतो गं.”

आबांना रडताना मधलीनं यापूर्वी एकदाच पाहिलं होतं, आई गेली तेव्हा. मावशीनं त्यांना पाणी दिलं. ते प्यायले. तिनं रिकामा पेला घेतला आणि म्हणाली, “आता जा तुम्ही. मला हा कोट पुरा करायचाय. सभेला येईन मी.”

सभेत काय बोलणार, हे तिनं सांगितलं नाही, आणि विचारायची कोणाची हिंमत झाली नाही.

*

सभागृह खचाखच भरलं होतं. भिंतीला टेकून माणसं उभी होती. मंचावर लांब टेबल, त्यामागे कंपनीच्या बाई, शेजारी दादा. धाकटा पहिल्या रांगेच्या टोकाला बसला होता. मधली, वहिनी आणि आबा मागच्या बाजूला बसले. मावशी आली आणि तिसऱ्या रांगेत जाऊन बसली. कोणाकडे बघितलं नाही.

दादा माईकपाशी गेला. टाळ्या पडल्या. कोणीतरी घोषणा दिली, लोकांनी ती उचलली. दादानं कागद उघडला, वाचायला मान खाली घातली, मग वर केली. मधलीला लांबूनही कळलं की त्याला मावशी दिसली आहे. दादा जन्मात कधी शब्दाला अडला नव्हता. आता तो कागदाची घडी घालत होता आणि ती नीट बसत नव्हती.

“त्या दिवशी विमान फुल्ल नव्हतं,” तो म्हणाला.

लोकांना वाटलं, काहीतरी विनोद आहे. दोघं-तिघं हसले.

दादानं सांगून टाकलं. कुणाचं नाव घेतलं नाही, विटांचं मात्र सांगितलं. “त्या विमानासाठी एक खरा प्रवासी आला होता. त्याला आम्ही परत पाठवलं. त्याचं जे गेलं ते आम्हाला भरून देता येणार नाही. कल्पना माझी होती. माझ्या बहिणीनं विरोध केला होता.”

मधली उठून उभी राहिली. “विरोध मी घरात केला,” ती म्हणाली. “काउंटरवर नाही केला.” आणि ती बसली.

मग जो गोंधळ झाला तो झाला. समितीचा खजिनदार दादाच्या अंगावर धावून गेला, गावाची अब्रू घालवलीस म्हणून. त्याच्याही बॅगेत विटा होत्या हे त्याला त्या घटकेला आठवत नसावं. मागून कोणीतरी ‘धावपट्टीवाले!’ म्हणून ओरडलं, आणि या वेळी सूर ओळखायला कोणाला कष्ट पडले नाहीत. कंपनीच्या बाईंचा चेहरा लाल झाला होता. त्यांनी पर्स उचलली, पुन्हा खाली ठेवली आणि माईक ओढून घेतला.

“मला एकच सांगा,” त्या म्हणाल्या. “तुम्हाला विमान हवंय, तर तुम्ही बसत का नाही?”

इतक्या महिन्यांत हे कोणी विचारलंच नव्हतं. पहिला उठला बेकरीवाला. सकाळी धुकं असलं की विमान रद्द होतं आणि ते कळतं फाटकावर आल्यावर, असं तो म्हणाला. मग एक वकीलबाई उठल्या: कोर्ट सुरू होतं अकराला, विमान पोचतं सातला, तोवर काय रस्त्यावर बसायचं? एक म्हातारा म्हणाला, मला भीती वाटते, बाकी काही नाही. लोक हसले, पण वाईट हसले नाहीत. एकामागून एक माणसं उठत राहिली. टाळ्या मात्र कोणी वाजवल्या नाहीत. बाई कधी ऐकत होत्या, कधी कपाळाला आठ्या घालत होत्या.

मावशी शेवटपर्यंत उठली नाही.

महिन्याभरात रोजचं विमान बंद झालं. मधली कित्येक दिवस घरी बसून होती. लॉजच्या पाटीवरचे दिवे दादानं काढून टाकले आणि अध्यक्षपद सोडलं. पुढे, बऱ्याच खटपटीनंतर, आठवड्यातून तीन दिवस दुपारचं विमान सुरू झालं. ते कधी निम्मं भरे, कधी त्याहून थोडं जास्त. पण ते सगळं नंतरचं.

त्या संध्याकाळी सभा पांगली तेव्हा या घराशी कोणी बोललं नाही. ओळखीची माणसं दारापाशी त्यांना वळसा घालून गेली. सभागृह समितीच्या नावावर घेतलेलं होतं. खुर्च्या आवरून द्यायच्या होत्या, आणि समितीतलं दुसरं कोणीच थांबलं नव्हतं. तेव्हा धाकटा आणि मधली खुर्च्या मिटू लागले. वहिनी त्या भिंतीशी रचत होती. आबा एकटेच रिकाम्या रांगेत बसले होते.

दादा मंचावरचं लांब टेबल एकट्यानं ओढायला बघत होता. ते हलत नव्हतं. धाकटा मदतीला निघाला, पण त्याच्याआधी मावशी मंचाच्या पायऱ्या चढून गेली. ती इतका वेळ तिथंच होती, हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

दादाची मान खाली गेली. “मावशी, राहू द्या. आम्ही करतो.”

“तुम्ही काय करता ते कळलंय मला,” मावशी म्हणाली. तिनं पिशवी खांद्यावर मागे सारली, टेबलाचं एक टोक दोन्ही हातांनी धरलं. “बघत काय उभा राहिलास? धर तिकडून.”

दादानं धरलं. दोघं टेबल घेऊन हळूहळू पायऱ्या उतरू लागले, मावशी पुढे आणि दादा मागे. मधली खुर्ची हातात घेऊन बाजूला झाली आणि तिनं त्यांना वाट करून दिली.